गस पाणघोड्याबरोबर न्याहारी, चौघांसाठी

११ जानेवारी, शनिवार

ही वही मिस ट्रूडींच्या सांगण्यावरून सुरू केली आहे. त्या एल्सीच्या शाळेतल्या समुपदेशक. "एल्सी घराबाहेर कुठं, कुणाशी, काय बोलली, ते रोज लिहीत जा," म्हणाल्या. म्हणजे लिहायला काहीच नाही. घरात पोरीची टकळी दिवसभर चालू असते, पण उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप. सप्टेंबरपासून बालवर्गात जाते आहे आणि आजवर बाईंशी एक अक्षर बोललेली नाही. शू लागली तरी सांगत नाही. दोनदा ओल्या कपड्यांत घरी आली.

तीन एप्रिलला शाळेत बैठक आहे. एल्सीला पुढच्या वर्षी पहिलीत घालायचं की पुन्हा बालवर्गातच ठेवायचं, ते त्या दिवशी ठरणार. मिस ट्रूडी म्हणाल्या, "तोवर बाहेरच्या एका तरी माणसाशी एक तरी वाक्य बोलली, तर मला तिची बाजू मांडता येईल." एक वाक्य! मी दातांच्या दवाखान्यात वेळा देण्याचं काम करते. सकाळी आठापासून फोनवर मी जितकी बोलते त्यातलं चिमूटभर तिला देता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

आज बेकरीत गेलो होतो. मिसेस डी-योंगनी काचेवरून वाकून विचारलं, "काय देऊ गं राणी?" एल्सीनं माझ्या कोटात तोंड खुपसलं. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजून थांबायचं, असं मिस ट्रूडींनी शिकवलं आहे. मी मोजले. पण मागं रांग होती, म्हणून तीनवर मीच सांगून टाकलं, "जॅमवालं डोनट द्या. तेच लागतं तिला." गाडीत एल्सीनं त्यातलं निम्म्याहून जास्त ओमाला दिलं. ओमा म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, डिर्कच्या आई, आमच्याकडेच राहतात. पोर फार मायाळू आहे.

आणि परतताना मला सुचलं. गस! टीव्हीवरचा तो पाणघोडा. तो अखंड बडबडत असतो आणि एल्सी सोफ्यावर उभी राहून त्याला उत्तरं देत असते. फ्लोरिडातल्या त्याच्या पार्कमध्ये पोरं त्याच्याबरोबर न्याहारी करतात. तो टेबलापाशी येतो, शेजारी बसतो. जगात बाहेरच्या कुणाशी ती बोललीच तर गसशी बोलेल. मार्चच्या सुट्टीत जायचंच. डिर्क म्हणाला, "बरं." तो फार विचार करत नाही, तेवढा मी दोघांचा करते.

१४ जानेवारी, मंगळवार

पार्कला जाणाऱ्या आयांचा एक गट सापडला आहे. या बायका युद्धाची तयारी करतात तशा न्याहारीची करतात. गसच्या टेबलांचं बुकिंग बरोबर साठ दिवस आधी, तिकडच्या घड्याळानं पहाटे सहाला उघडतं आणि दहा मिनिटांत संपतं. म्हणजे आमच्या आयोवात पाच. गस फक्त सकाळी असतो. दुपारी त्या जागी दुसरीच कुणी बदकं असतात. ओहायोच्या एका चार पोरांच्या आईनं दुपारचं टेबल घेतलं होतं, तर तिची पोरं बदकांसमोर तासभर रडली. तिला लगेच चार प्रश्न विचारले आहेत. अजून उत्तर नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

मिळालं! अठरा मार्च, मंगळवार, सकाळी नऊ चाळीस.

साडेचारला उठले. माझा फोन, डिर्कचा फोन आणि लॅपटॉप ओळीनं मांडून बसले. पाच वाजले आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरायला लागलं. नऊचं टेबल डोळ्यांसमोर गेलं, सव्वानऊचंही गेलं. किती जण, असं विचारलं. चार लिहिलं आणि दाबलं. पाच वाजून सहा मिनिटांनी निरोप आला: "गस तुमची वाट बघतोय!" मी किंचाळले, तसा धाकटा ब्राम उठून रडायला लागला.

डिर्क त्याला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात आला. "चार कसे? याला मोजलंस का?"

"अरे, तीन वर्षांखालच्यांना फुकट आहे. दीड वर्षाच्या पोराला कुठं मोजायचं?"

"मग तो बसणार कुठं?"

"माझ्या मांडीवर. तू आता खुसपटं काढू नकोस रे, माझा जीव अजून जागेवर नाही."

त्यानं खांदे उडवले आणि कॉफी ठेवली. लोकांना वेळा देण्यात माझी दहा वर्षं गेली आहेत. मला बुकिंग शिकवतोय!

२ फेब्रुवारी, रविवार

आज रंगीत तालीम केली. डिर्कनं करडं ब्लँकेट पांघरलं, डोक्यावर दोन मोजे कानांसारखे बांधले आणि टेबलापाशी येऊन घोगऱ्या आवाजात म्हणाला, "नमस्कार एल्सी! मी गस!"

एल्सी हसून हसून खुर्चीतून पडली. "डॅडी, तुझे मोजे घाण आहेत!"

"डॅडी नाही म्हणायचं, गस म्हणायचं," मी म्हटलं. "चल, नीट बस. आता त्याला सांग, 'गुड मॉर्निंग गस, माझं नाव एल्सी.' सांग ना. सांग पटकन. असं नाही, मान वर करून."

ती टेबलाखाली गेली ती बाहेर येईना. मी वाकून समजावलं, लालूच दाखवली, शेवटी थोडी ओरडलेसुद्धा. चुकलंच माझं. पण दिवस किती थोडे राहिलेत, ते माझ्याशिवाय या घरात कुणाला दिसतच नाही.

संध्याकाळी ती ओमाबरोबर बटाटे सोलत बसली. दोघी बराच वेळ गप्प. मला असा राग आला! ओमांना म्हटलंसुद्धा, "अहो ओमा, तिच्याशी जरा बोलत जा हो. बोललं की तिला सवय होईल." ओमा म्हणाल्या, "बोलतो आम्ही." मी तासभर बघत होते. बटाटे संपत आल्यावर एल्सीच आपली शाळेतल्या गोष्टी सांगत होती आणि या नुसत्या हूं-हूं करत होत्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

घात झाला. ओहायोवालीचं उत्तर आलं. मी विचारलं होतं, गसशी मुलांना निवांत बोलता येतं का. ती लिहिते, "अगं, तो बोलत नाही! राजकन्या वगैरे बोलतात, पण ज्यांना मोठं कापसाचं डोकं चढवलेलं असतं ते कुणीच बोलत नाहीत, पार्कचा नियमच आहे. नुसते हातवारे करतात. तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं. गटातल्या सगळ्या आयांना माहीत असतं, मलाच कसं नव्हतं? एक महिना मी या पोरीला सांगते आहे की गस येईल, तुझ्याशी बोलेल, मग तू त्याच्याशी बोल. आता ती त्याच्या तोंडाकडे बघत बसणार आणि तो मुका. टीव्हीवर बोलतो आणि माझ्याशीच बोलत नाही, असं तिच्या मनानं घेतलं तर? मग ती घरातही बोलायची थांबली तर?

डिर्क म्हणाला, "आत्ताच सांगून टाक तिला. त्यात काय?"

"आणि ती येणारच नाही म्हणाली तर?"

"तर दुसरीकडे न्याहारी करू. तिथं अंडी सगळीकडे मिळत असतील ना?"

मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही. एल्सीला सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगेन.

२४ फेब्रुवारी, सोमवार

शाळेतून चिठ्ठी. डबा खायच्या वेळी दूध वाटणाऱ्या बाई विचारतात, साधं की चॉकलेटचं? एल्सी सांगत नाही, म्हणून तिला कुठलंच मिळत नाही. जानेवारीपासून मिळालेलं नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि तिनं घरीही अवाक्षर काढलं नाही.

मी ताबडतोब शाळेत फोन करून सांगितलं, "तिला साधं दूध देत जा, विचारू नका." काम झालं. पण फोन ठेवल्यावर मात्र मला रडू आवरेना. सात आठवडे माझी लेक कोरडी भाकर चावल्यासारखं सँडविच गिळत होती आणि मी इथं पाणघोड्याची वेळापत्रकं करत होते.

८ मार्च, शनिवार

एका कार्डावर वाक्य लिहिलं आहे: "गुड मॉर्निंग गस, माझं नाव एल्सी." रोज दहा वेळा म्हणून घेते. घरात ती छान म्हणते. आज अकराव्यांदा म्हण म्हटलं, तर तोंड घट्ट मिटून माझ्याकडे नुसती बघत राहिली. अगदी शाळेत बघत असेल तशी. स्वयंपाकघरात, माझ्यासमोर!

डिर्कनं कार्ड काढून घेतलं आणि फ्रिजच्या वर ठेवलं. "पुरे आता, जोलीन." मी ते परत काढून पर्समध्ये ठेवलं आहे.

१७ मार्च, सोमवार

फ्लोरिडा. काल पोचलो. घरून निघताना बर्फ होता, इथं पोरं पोहतायत. हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाच्या काठावर बसून लिहिते आहे. ब्राम टॉवेलवर झोपला आहे, डिर्क आणि एल्सी पाण्यात आहेत. पाण्यात ती इतकी ओरडते आहे, पण शेजारच्या छोट्या मुलीनं चेंडू मागितला तर तो तिच्या हातात ठेवून लगेच पाठ फिरवली.

सकाळी पार्कमध्ये एक भलंमोठं बदक समोरून आलं, तशी एल्सी ओमाच्या झग्यामागं लपली. उद्या काय होणार, ते मला दिसायला लागलं आहे. गस बोलत नाही, हे अजून तिला सांगितलेलं नाही. आता सांगून काय उपयोग, आणि नाही सांगितलं तर तिथं सगळ्यांदेखत कळणार. दोन्हीकडून मीच अडकले. ओमांना विचारलं, काय करू? त्या म्हणाल्या, "बघू ना उद्या." यांच्या "बघू ना"वर एखादीला वेड लागेल.

१८ मार्च, मंगळवार

जसं झालं तसं लिहिते, काही सोडत नाही.

नऊ पस्तीसला आम्ही दारात हजर. एल्सीनं पिवळा झगा घातला होता आणि ओमाचं बोट घट्ट धरलं होतं. दारातल्या पोऱ्यानं यादीत बघितलं, आमच्याकडे बघितलं, पुन्हा यादीत बघितलं.

"मॅडम, तुमचं बुकिंग चौघांचं आहे."

"हो."

"तुम्ही पाच आहात."

"बाळ फुकट आहे," मी म्हटलं.

"फुकट आहेच हो, पण टेबलापाशी बसतं ना? आत जितकी डोकी, तितकी मोजावी लागतात. दूधपितं असलं तरी. आगीचा नियम आहे."

"मी मांडीवर घेते त्याला!"

"तरी ते एक डोकंच ना, मॅडम."

मी काय काय बोलले! दोन महिन्यांची तयारी सांगितली, शाळेची बैठक सांगितली, दवाखान्यात मी अशा वेळी माणसांशी किती गोडीनं वागते तेही सांगितलं. खरं तर दवाखान्यात, एका पोराची वेळ घेऊन दोन पोरं आणणाऱ्या आयांना मी याच सुरात हेच ऐकवते. शेवटी त्यानं वरच्या बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "टेबल चौघांचंच आहे. पाचव्याची जागा होईतो कुणीतरी एक जण बाळाला घेऊन इथं थांबा. वीस-पंचवीस मिनिटं लागतील."

"मी थांबतो," डिर्क म्हणाला. पण ब्राम माझ्याशिवाय कुणाकडे जाईना. म्हणजे चार खुर्च्या, तीन माणसं आणि मी बाहेर. डिर्कच्या हातात कार्ड कोंबलं. "गस आला तर त्याला अडवून ठेव! तिला वाक्याची आठवण कर! आणि तो बोलत नाही हे तिला—" तोवर ते आत गेले होते.

मध्ये कुंड्यांची उंच ओळ. ब्रामला झुलवत मी टाचा उंचावून बघत होते. दहाला पाच कमी असताना पानांच्या वर दोन करडे कान दिसले. ते हळूहळू आमच्या टेबलाकडे सरकले आणि खाली वाकले. मला काही ऐकू येत नव्हतं. कान बराच वेळ हललेच नाहीत. मग हसण्याचा मोठा आवाज आला. कोण हसलं, का हसलं, पोर रडतेय का, काही कळेना. मी दारातल्या पोऱ्याला म्हटलं, "बाबा रे, एक मिनिट जाऊ दे." तो म्हणाला, "झालंच मॅडम." कान दुसऱ्या टेबलाकडे निघून गेले.

दहा वाजून सात मिनिटांनी मला आत सोडलं. टेबलापाशी पोचायच्या आतच मी सुरू झाले. "आला होता का? बोललीस का? कार्डावरचं म्हणालीस? घाबरलीस का गं?" एल्सीनं माझ्याकडे बघितलं आणि पॅनकेकवर पाक ओतत राहिली. कार्ड डिर्कच्या बशीखाली होतं, त्याला पाक लागला होता.

मी खुर्चीत बसले. सगळं संपलं असं वाटलं.

तेवढ्यात वाढणाऱ्या बाई आल्या. पांढऱ्या केसांच्या, छातीवर नाव ओपल. "तुम्ही हिची आई होय? अहो, लेक मोठी खमकी आहे तुमची!"

"एल्सी?"

"मग काय! मी नेहमीसारखी गसची थट्टा करत होते. म्हटलं, 'बोल रे लवकर, काय प्यायचंय तुला? मला सतरा टेबलं आहेत.' तो बिचारा हात हलवतोय, आणि मी मुद्दाम, 'केळं? छत्री? हत्ती?' पोरं हसतात ना. तर ही खुर्चीवर उभी राहिली आणि मला म्हणाली, 'त्याला घाई करू नका. तो सांगतोय. तुम्ही गप्प बसलात की सांगेल.'"

"तुम्हाला म्हणाली? मोठ्यानं?"

"त्या टेबलापर्यंत ऐकू गेलं. मी गप्प बसले. काय करते! मग गसनं सावकाश शेजारच्या टेबलावरच्या एका पेल्याकडे बोट केलं, तर ही म्हणते, 'बघा. चॉकलेटचं दूध. मलापण तेच.'"

मी डिर्ककडे बघितलं. त्यानं नुसती मान हलवली, त्याचे डोळे भरले होते. ओमा अंडं खात होत्या.

एल्सीसमोर चॉकलेटच्या दुधाचा रिकामा पेला होता. शाळेत मी तिला साधं लावून दिलं आहे.

मी ओपलबाईंचे आभार मानले, मोठ्यानं हसले आणि ब्रामचा लंगोट बदलून येते असं सांगून उठले. न्हाणीघरात दार लावून पोटभर रडले. लंगोट कोरडा होता.

माझी लेक एवढं बोलली आणि मी तिथं नव्हते. पाचव्या माणसाला मोजलं असतं तर मी तिथं असते, तिच्या शेजारी, हातात कार्ड घेऊन. असते तर ओपलबाईंना काय प्यायचं ते मीच सांगितलं असतं. गसचंसुद्धा मीच सांगितलं असतं. हे मला लिहायला फार जड जातंय, पण मिस ट्रूडींनी खरं लिहायला सांगितलं आहे.

२२ मार्च, शनिवार

घरी. सकाळी बेकरीत गेलो. मिसेस डी-योंगनी काचेवरून वाकून विचारलं, "आलीस का गं राणी? काय देऊ?"

एल्सीनं माझ्या कोटात तोंड घातलं. मी ओठ दातांत धरून मोजायला लागले. चारवर मागचा माणूस खाकरला. नऊवर मिसेस डी-योंग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नेहमीचंच ना?" आणि त्यांचा चिमटा जॅमवाल्याकडे निघाला. मी मान नाही अशी हलवली. त्यांना वाटलं असेल, हिला काय झालंय. दहा झाले. दहानंतर काय करायचं ते मिस ट्रूडींनी सांगितलेलं नव्हतं, म्हणून पुढं मोजत राहिले. ब्राम केस ओढत होता. पंधरा. सोळा. पाठीवरून घाम ओघळला. खरंच सांगते, बाळंतपणात इतका जोर लावला नव्हता.

एकवीसवर कोटातून आवाज आला. "साखरेचं."

"काय गं?"

एल्सीनं तोंड बाहेर काढलं. "साखरेचं हवंय. जॅमवालं मला आवडत नाही."

"अगं मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?" मिसेस डी-योंग म्हणाल्या. मी तिच्या वतीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. मिटलं. एल्सीनं काचेवर बोट ठेवून कुठलं ते बरोबर दाखवलं.

मिस ट्रूडींसाठी: बेकरी, मिसेस डी-योंग, तीन वाक्यं. सोमवारी शाळेत फोन करून सांगायचं, की दुधाचं तिला विचारत जा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

गाडीत एल्सीनं साखरेचं सगळंच्या सगळं एकटीनं खाल्लं, ओमाला तुकडाही दिला नाही. मला ओमांचं वाईट वाटलं. म्हटलं, "अहो ओमा, तुमच्यासाठी एक जॅमवालं घ्यायचं राहिलंच की. परत फिरू का?"

"नको गं बाई," ओमा म्हणाल्या. "दोन वर्षं खाल्लं. मलाही कुठं आवडत होतं?"